आयएमपीडीएच-२ ची रेघ चढेना

सांगलीतल्या आमच्या लॅबमध्ये मानवी आयएमपीडीएच-२ या विकराची (एन्झाइमची) कुपी आली, ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं, म्हणजे रिकॉम्बिनंट. हे विकर पेशीतल्या आयएमपी या छोट्या रेणूचं एक्सएमपी करतं, त्यातूनच पुढे जीएमपी, म्हणजे आरएनए-डीएनएसाठी लागणारं एक कच्चं साहित्य, बनतं. सोबत एनएडी या मदतनीस रेणूचं एनएडीएच होतं आणि ते ३४० नॅनोमीटरला प्रकाश शोषतं. म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (किती प्रकाश शोषला ते मोजणाऱ्या यंत्रावर) आलेखाची रेघ चढायला हवी. आमची जेमतेम हलत होती.

आदल्या रात्री पावसात लाइट गेलेली. फ्रीझर बंद पडला, विकर मेलं, असं ठरवून मी मोकळा. वायरमनच्या नावाने बोटंही मोडली (बिचारा!). प्रथिनं आकारानुसार वेगळी करणारं जेल लावलं तर पट्टी ५६ किलोडाल्टनच्या आसपास, म्हणजे या विकराच्या वजनालाच, स्वच्छ. मी खूश, पण सीनियर ताईंनी सुनावलं, "पट्टी दिसली म्हणून काम करतंय असं होत नाही. बफरात काय काय घातलंस, वाच बघू."

बफर म्हणजे विकर ज्यात काम करतं ते द्रावण. त्यात नेहमीची रसायनं होती: ट्रिस, ईडीटीए, डीटीटी. पोटॅशियम क्लोराइड राहिलंच होतं! या विकराला नीट चालायला पोटॅशियमचा आयन लागतो.

१०० मिलिमोलर होईल इतकं घातलं, पीएच ८ आहे का ते पुन्हा पाहिलं, ३७ अंशांवर वाचन घेतलं. दोन मिनिटांत रेघ तिरकी. खात्रीसाठी मायकोफेनोलिक ॲसिड टाकलं. किडनी प्रत्यारोपणानंतरच्या औषधातलं हेच रसायन या विकराला अडवतं. रेघ पुन्हा आडवी झाली.

उरलेलं विकर छोट्या कुप्यांत वाटून ठेवलंय. लाइट काय, पुन्हा जाणारच.