जंगलाखाली काय आहे, आणि ते कुणाला कितपत ठाऊक आहे?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शिवारात बोअरची गाडी आली. पाण्याची नव्हे, दगडाची. धुऱ्यावर उभी राहिली, दोन दिवस घरघरली आणि लांब पेट्यांत दगडाच्या कांड्या भरून निघून गेली. तिसऱ्या दिवशी पारावर कोळसा निघाला. चौथ्या दिवशी सोनं. पाचव्या दिवशी शेजारचे काका म्हणाले, "भाऊ, वावर इकू का ठेवू, सांग."

या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. पण उत्तर शोधायचं कसं, ते सांगता येतं. अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, यवतमाळच्या माणसाला ते कधी ना कधी लागणारच.

सुरुवातीलाच एक सवय लावून घ्या. "इथे खनिज आहे का" हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. असण्याची शक्यता किती, हा पहिला. आणि हे सांगणाऱ्याला त्याची खात्री किती, हा दुसरा. ही वाटणी माझी नाही. अमेरिकेत १९७६ च्या एका कायद्याने सरकारी जमिनींपैकी रानटी, अस्पर्श भाग कायमचे राखायचे का, हे तपासायला सांगितलं. राखावेत अशी शिफारस ज्यांची होणार, त्यांच्या पोटात काय आहे हेही बघायचं होतं. मग नेवाडा, कॅलिफोर्निया, अॅरिझोनाच्या वाळवंटांत भूवैज्ञानिक फिरले. बोअर मारायला फारसा वाव नव्हता. त्यांनी खडकांचे नकाशे काढले, कोरड्या ओढ्यांतला गाळ तपासला, जुन्या खाणींच्या नोंदी चाळल्या, विमानातून चुंबकीय मोजणी केली. शेवटी प्रत्येक खनिजापुढे त्यांनी दोन खुणा केल्या. एक शक्यतेची: जास्त, मध्यम, कमी. दुसरी खात्रीची, ए ते डी. ए म्हणजे माहिती ठरवण्यापुरतीही नाही, बी म्हणजे माहिती एका बाजूला बोट दाखवते, सी म्हणजे बऱ्यापैकी अंदाज आहे, डी म्हणजे चित्र स्पष्ट आहे. "शक्यता जास्त, खात्री बी" असं लिहिलेलं असेल, तर बातमी ऐकून उड्या मारायच्या नाहीत आणि रडायचंही नाही.

आपण शंभर पानी वहीत हेच करायचं.

वही आणि नकाशा

वहीच्या पहिल्या पानावर गावाचा नकाशा काढा. तलाठ्याकडचा गटनकाशा पुरतो. त्यावर अभयारण्याची किंवा राष्ट्रीय उद्यानाची हद्द, बफरची, म्हणजे जंगलाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्याची हद्द, नाले, बोड्या आणि विहिरी दाखवा. हद्दीपासून १ किलोमीटरवर एक तुटक रेघ मारा. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे की राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्याच्या आत, तसंच त्यांच्या हद्दीपासून १ किलोमीटरच्या आत खाणकाम चालणार नाही. तुमचं वावर या रेघेच्या कुठल्या बाजूला पडतं, एवढ्यावरच निम्म्या अफवा गळतात. बफर हा वेगळा हिशेब आहे. ताडोबा-अंधारीचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि बफर सुमारे ११०२. त्या बफरमध्ये गावं आहेत, शेती आहे, माणसं आहेत.

आणि हातोडी घेऊन जंगलात शिरू नका. परवानगीशिवाय आत जाणं, तिथला दगड उचलणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. आपलं काम आपल्या वावरात, आपल्या विहिरीवर आणि कागदांत आहे.

पायाखालचा दगड

विदर्भाचे ढोबळ तीन पट्टे. पश्चिमेला काळा फत्तर, म्हणजे लाव्हाचा बेसॉल्ट. वर्धा नदीच्या दोन्ही अंगांना, वणी, वरोरा, भद्रावती, राजुऱ्याकडे आणि वर कामठी-उमरेडकडे गोंडवाना खडक, ज्यातल्या बराकार थरात कोळसा आहे. पूर्वेला फार जुने रूपांतरित खडक. नागपूर-भंडाऱ्याचं मॅंगनीज आणि गडचिरोलीतल्या सुरजागडचं लोखंड त्यातलंच.

गोम अशी, की वर्धा खोऱ्यात कोळशाचा थर जमिनीवर सहसा दिसत नाही. वर कामठीचा वाळूखडक, कुठे बेसॉल्ट, कुठे नुसती गाळाची जमीन पसरलेली असते. म्हणून "आमच्याकडं काळी माती हाय, कोळसा कसा असन" हे म्हणणं चालत नाही. त्याच कारणाने "नाल्यात काळा दगड सापडला, म्हणजे कोळसा" हेही चालत नाही.

हा काळा दगड फार फसवतो. विहीर खोदताना निघालेला काळा तुकडा घरी आणा. त्याच मापाचा ओळखीचा कोळशाचा तुकडा दुसऱ्या हातात घ्या. कोळसा हलका लागतो. काळा शेल, म्हणजे पापुद्रे सुटणारी चिकणशिळा, जवळपास दीड-दोनपट जड लागते. मग चहाचा कप उलटा करा आणि बुडाच्या न चकाकणाऱ्या खरखरीत कडेवर दोन्ही घासा. कोळशाची रेघ काळी-तपकिरी उमटते, शेलची बहुधा राखाडी. तरी शंका उरली तर अंगणातल्या चुलीत टाका, घरात नको, धूर वाईट असतो. कोळसा पेटतो, भुरभुरतो, राख होतो. शेल लालभडक झाला तरी सकाळी त्याच आकारात बाहेर निघतो, फक्त फिका पडलेला. आमच्या काकूंनी असा एक तुकडा तीन रात्री चुलीत ठेवला. चौथ्या सकाळी म्हणाल्या, "हा तं माह्या सासऱ्यासारखा हाय, तापते पण जळत नाई." तिथे वहीत लिहिलं: कोळसा, शक्यता सांगता येत नाही, खात्री ए. कारण शेल सापडला म्हणून खाली कोळसा नाही असं ठरत नाही. उलट या दोघांचे थर पुष्कळदा एकमेकांलगतच असतात.

आधी कुणी काय शोधलं

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं भूकोश नावाचं संकेतस्थळ आहे. तालुक्यातल्या संगणकाच्या दुकानात बसून गावाचा भूनकाशा तिथे बघता येतो. खडकाचा रंग, थराचं नाव आणि नकाशाचं वर्ष उतरवून घ्या. गावातली जुनी माणसंही विचारा: कुठे बोअर मारली होती, कुठल्या सालच्या आसपास, खोल किती. ताडोबाच्या शेजारी वरोऱ्याला १९ व्या शतकातच कोळशाची खाण चालली होती, त्यामुळे शोध कालपासून सुरू झालेला नाही.

टनाचा आकडा उलगडणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

समजा कागदावर लिहिलं आहे, "७५ लाख टन". हा आकडा कुठून आला? १ चौरस किलोमीटर म्हणजे १० लाख चौरस मीटर. थर ५ मीटर जाड, म्हणजे ५० लाख घनमीटर. एका घनमीटरला दीड टन धरलं, की झाले ७५ लाख. गुणाकार खोटा नाही. पण ५ मीटर जाडी कुणी मोजली? एका बोअरमध्ये की दहा बोअरमध्ये? त्या ५ मीटरमध्ये दगडाच्या पट्ट्या किती? गावठाण, रस्ता, नाल्याचं पात्र वगळलं का? सगळा कोळसा तर कुठलीच खाण काढू शकत नाही.

कोळशाच्या जुन्या भारतीय पद्धतीत साधारण हिशेब असा: बोअरपासून २०० मीटरच्या आतला कोळसा "सिद्ध", १ किलोमीटरपर्यंतचा "सूचित", त्यापलीकडचा "अनुमानित". म्हणजे तुमच्या धुऱ्यावर एकच बोअर झाली असेल, तर तिच्याभोवती खात्रीचं वर्तुळ फार छोटं. आकडा वाचताना आधी हा शब्द शोधा, मग शून्यं मोजा. वहीत मी सिद्धला डी देतो, सूचितला सी, अनुमानितला बी. ही माझी सोय आहे, कुठलं शास्त्र नव्हे.

शिवाय शोधाचे चार टप्पे असतात: जी-४ म्हणजे प्राथमिक टेहळणी, मग जी-३, जी-२ आणि शेवटी जी-१, म्हणजे तपशीलवार शोध. आकडा जितका लहान, खात्री तितकी मोठी. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. खाणीच्या एका जनसुनावणीला ताठ उभा राहून मी म्हणालो, "तुमच्याच कागदात जी-१० लिहिलं आहे. म्हणजे शोधाला सुरुवातही झालेली नाही!" मंडपात टाळ्या पडल्या. समोरचे साहेब हसले आणि हळूच म्हणाले, "ती कोळशाची प्रत आहे." दगडी कोळशाची प्रतसुद्धा जी-१ ते जी-१७ अशीच लिहितात आणि ती उष्मांकावर ठरते. जी-१ म्हणजे ७००० किलोकॅलरीच्या वरचा, तिथून प्रत घसरत जाते. अक्षर एक, अर्थ दोन. तेव्हापासून मी जी दिसला की आधी मथळा वाचतो.

आणखी एक गुणाकार, हा गावाच्या कामाचा. वरच्या उदाहरणात ५ मीटर कोळशावर ६० मीटर माती-दगड असेल, तर काढायचा मलबा ६ कोटी घनमीटर, म्हणजे टनामागे ८ घनमीटर. तो कुठे टाकणार? हा प्रश्न टनापेक्षा मोठा आहे. मलब्याचे डोंगर गावाच्या अंगणात उभे राहतात.

पाणी

खाण खोल गेली की पाणी उपसावं लागतं आणि आजूबाजूच्या विहिरी उतरू शकतात. मग "आमची विहीर आधी भरलेली होती" हे कुणी ऐकत नाही. म्हणून आधीच मोजा. दोरीला गाठी मारा, गाठीगाठीत अर्धा मीटर. मे अखेरीस आणि दिवाळीनंतर, दर वर्षी, त्याच विहिरी, काठावरचा तोच दगड. तारीख आणि मोजणाऱ्याची सही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही निरीक्षण विहिरी मोजते, तुमच्या जवळची कोणती ते विचारून घ्या. या रकान्यात खात्री डी असते आणि ती तुमची स्वतःची असते.

ऊन आणि तारा

ऊर्जा म्हणजे फक्त कोळसा नव्हे. उन्हाच्या बाबतीत प्रश्न सोपा: शक्यता जास्त, खात्री डी, वैशाखात कुणालाही विचारा. पण सौर प्रकल्पाला तारा लागतात. राजस्थान-गुजरातच्या वाळवंटात विजेच्या तारांना आदळून माळढोक पक्षी मरतात, हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात २०२१ पासून गाजलं. आमच्या वरोरा-भद्रावतीकडेही माळढोक नोंदले गेले आहेत. तेव्हा पडीक जमिनीलाही वहीत एक पान द्या.

वही कुठे उघडायची

कोळसाधारक क्षेत्र कायदा १९५७ मध्ये कलम ४ ची अधिसूचना म्हणजे शोधाची परवानगी. त्यात बोअर मारता येते, आणि त्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई कलम ६ खाली मागता येते. उभ्या तुरीवरून गाडी गेली असेल तर फोटो काढून ठेवा. कलम ७ ची अधिसूचना म्हणजे जमीन घेण्याचा इरादा, आणि तिच्यावर हरकतीला ३० दिवस. कलम ४ आलं म्हणून वावर विकणारे आणि कलम ७ आलं तरी झोपलेले, दोन्ही मी पाहिले आहेत.

पर्यावरण मंजुरीच्या जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीतही मिळायला हवा. तो जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत बघता येतो. वनहक्क कायदा २००६ खाली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल, तर ग्रामसभेचा ठराव आधीच तयार ठेवा. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये असा हक्क मिळवून हा रस्ता दाखवला. त्याच साली ताडोबालगतच्या लोहारा खाणीचा प्रस्ताव वाघांच्या वाटेच्या मुद्द्यावर अडला होता. तिथे खाली कोळसा आहे, याबद्दल वाद नव्हता.

सुनावणीत भाषण करू नका. दोन ओळी वाचा: सिद्ध किती, अनुमानित किती? मलबा कुठे, कुठल्या गटात? आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घेतलं जातंय का ते बघा.

काकांना मी शेवटी एवढंच सांगितलं: खात्री बी आहे, इतक्यात इकू नका. मग आम्ही दोघं धुऱ्यावर गेलो. बोअरचं भोक कुणी बुजवलंच नव्हतं. शेळीच्या पिल्लाचा पाय आत जाईल एवढं ते उघडं होतं, आणि पावसाचं पाणी सरळ खाली गेलं असतं. तुमच्याकडे गाडी येऊन गेली असेल, तर उद्या सकाळी आधी तेच बघा. उघडं दिसलं तर फोटो काढा, तारीख घाला आणि सिमेंटने बुजवून द्या असा अर्ज करा. पोच मात्र घेऊन या.