बादल्या मोजायला शिका: तबेल्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

घोड्यांचं काम शिकायला येणारी मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, बसायला कधी मिळेल? माथेरानला कामाला लागलो तेव्हा मीही हेच विचारलं होतं. तबेल्यातले सगळ्यात जुने मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, त्यांनी माझ्या हातात बादली दिली. पुढचे दोन महिने मी पाणी भरलं, लीद उचलली, खरारा केला. आज माझ्याकडे कोणी नवीन आलं की मीही बादलीच देतो, आणि सोबत एक वही. ती वही चांदणीमुळे आली.

माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच येतात. तिथून पुढे पायी, मिनी ट्रेनने किंवा घोड्यावर. मे महिन्याच्या गर्दीत दस्तुरी ते बाजार आणि बाजारातून वेगवेगळे पॉइंट अशा दिवसभर फेऱ्या चालतात, लाल धुळीने घोड्याचं पोटसुद्धा माखतं. चांदणी आठ वर्षांची, कामाला गुणी घोडी. त्या आठवड्यात ती रोज घामाने निथळत होती. प्रत्येक फेरीनंतर मी तिच्यापुढे बादली धरायचो. दोन-चार घोट घ्यायची आणि तोंड बाजूला करायची. मला वाटलं, तहान नसेल.

चौथ्या दिवशी पहाटे पाहिलं तर चंदी, म्हणजे तिचा दाणा, जशीच्या तशी. एरवी रात्रभरात तीन-चार ठिकाणी लीद पडलेली असायची, त्या दिवशी चारच गोळे होते. बारीक, कडक, वर शेंबडासारखा चिकट थर. ती पुढच्या पायाने जमीन उकरत होती, मान वळवून सारखी कुशीकडे बघत होती. डॉक्टर खालून येईपर्यंत ऊन चढलं. त्यांनी नाकातून नळी घालून ती जठरापर्यंत नेली, आधी आतून काही परत येतंय का ते बघितलं, मग पाणी आणि लिक्विड पॅराफिन, म्हणजे अडकलेली लीद सुटायला मदत करणारं तेल, सोडलं. घोड्याला उलटी होत नाही, आधीच भरलेल्या जठरात आणखी ओतून चालत नाही, म्हणून ही तपासणी आधी करावी लागते. काम करता करता त्यांनी मला विचारलं, "काल किती पाणी प्यायली?"

मी म्हणालो, "प्यायली ना."

"किती?"

मला सांगता आलं नाही. संध्याकाळी उशिरा लीद पडली, घोडी वाचली. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही.

पुढे मला कळलं की ती तहानलेली असूनही पीत का नव्हती. आपल्या घामात रक्तापेक्षा मीठ कमी असतं. घाम गेला की मागे राहिलेलं रक्त खारट होतं आणि मेंदू पाणी मागतो. घोड्याच्या घामात मात्र रक्ताइतकंच, किंबहुना त्याहून जास्त मीठ असतं. पाणी आणि मीठ बरोबरीने बाहेर जातं, रक्ताचा खारटपणा फारसा वाढत नाही आणि तहानेची हाकच उठत नाही. शरीर कोरडं पडत असतं आणि घोडा बादलीकडे पाठ करून उभा असतो. मोठा घोडा कडक उन्हात जोरात पळाला तर तासाला 10 लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो. म्हणून घाम गाळणाऱ्या घोड्याला मीठ द्यायलाच हवं. 500 किलोच्या घोड्याला विश्रांतीच्या दिवशीही 25 ते 30 ग्रॅम साधं मीठ लागतं, घामाच्या दिवशी त्याच्या दुप्पट किंवा जास्त. ते भिजवलेल्या भुशात कालवून द्या. पाण्यात घालायचं असेल तर शेजारी साध्या पाण्याची बादली ठेवाच. एकच बादली असेल आणि तीही खारट, तर काही घोडे पिणंच सोडतात.

पाण्याचा ढोबळ हिशेब असा: गार हवेत, काम नसताना, दर 100 किलो वजनामागे 5 लिटर. म्हणजे 350 किलोच्या घोड्याला 17-18 लिटर. उन्हात काम असेल तर दुप्पट धरा, कधी त्याहून जास्त. वहीत एवढंच लिहायचं: घोड्याचं नाव, सकाळी किती, दुपारी किती, रात्री किती. बादलीच्या आतल्या बाजूला दर दोन लिटरला रंगाची रेघ ओढा. आपोआप भरणारी भांडी सोयीची खरी, पण कोण किती प्यायलं ते त्यातून समजत नाही, म्हणून माझ्याकडे अजून बादल्याच आहेत. घोडा पिताना त्याच्या कानांकडेही बघा. प्रत्येक घोटाबरोबर कान हलतात, आणि मानेच्या डाव्या बाजूने घोट खाली उतरताना दिसतो. नुसतं तोंड बुडवून उभा असलेला घोडा यातून लगेच ओळखू येतो.

तापलेल्या घोड्याला पाणी द्यायचं नाही, त्याचं अंग आखडतं, असं मामा ठामपणे सांगायचे. त्यांच्याकडून मी जे शिकलो त्याचं मोल मोठं आहे, पण ही एक गोष्ट मी पाळत नाही, तुम्हीही पाळू नका. काम थांबल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांतच घोडा मनापासून पितो. ती वेळ घालवली तर नंतर तो तितकं पीत नाही. चार-पाच लिटर द्या, थोडं फिरवा, पुन्हा द्या. अंगावर गार पाणी ओतायलाही घाबरू नका. अंग थंड होईपर्यंत ओतत राहा.

सगळे उन्हाळ्याची काळजी करतात. मला दिवाळीनंतरचे दिवस जास्त अवघड वाटतात. पावसाळाभर घोडा हिरवं गवत खातो, त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. मग आपण त्याला वाळलेल्या वैरणीवर आणतो, तिच्यात जेमतेम दहावा हिस्सा. पाण्याची गरज एकदम वाढते आणि नेमकं त्याच वेळी पहाटेचं बादलीतलं पाणी गारठलेलं असतं, म्हणून घोडा कमी पितो. पोटात लीद अडकायचे प्रकार मी या दिवसांत बरेच पाहिलेत. वैरण आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला, पाणी कोमट करून द्या, भुसा पातळसर भिजवा.

जत्रेला किंवा बाजाराला, समजा सारंगखेड्याला, घोडा नेलात तर स्वतःची बादली न्या. सगळ्यांच्या सामायिक हौदातून ग्लँडर्ससारखा रोग पसरू शकतो, आणि तो माणसालाही होतो. परक्या गावच्या पाण्याच्या वासाने घोडा तोंड फिरवत असेल तर थोडा गूळ विरघळवून बघा. घरी असतानाच दोन दिवस गुळाच्या पाण्याची सवय लावली तर उत्तम.

तपासणी शिकायची ती धडधाकट घोड्यावर, म्हणजे बिघडलेला ओळखू येतो. खांद्याजवळची कातडी चिमटीत धरून सोडा, ती लगेच सपाट व्हायला हवी. वरचा ओठ उचलून हिरडी बोटाने दाबा. पांढरा पडलेला डाग दोन सेकंदांत गुलाबी झाला पाहिजे, आणि बोटाला ओल लागली पाहिजे. कुशीला कान लावा, दोन्ही बाजूंना गुडगुड ऐकू आली पाहिजे. माझं यातलं बरंचसं शिक्षण कान लावूनच झालं.

नाल, जंतांचं औषध, धनुर्वाताची लस हे सगळं वेळच्या वेळी हवंच, त्याच्या तारखा त्याच वहीत टाका. ज्यांना पुढे शिकायचंय त्यांना पशुवैद्यकाची पदवी आहे, नीट (NEET) ही प्रवेश परीक्षा देऊन प्रवेश मिळतो आणि इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं लागतात. परळचं मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय 1886 पासूनचं आहे. तबेल्यात वर्षभर काम करून मग तिकडे गेलेली दोन मुलं मला माहीत आहेत, दोघंही घोड्याजवळ शांतपणे उभी राहतात.

पोट दुखायला लागलंच तर बाटलीने तेल पाजू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. घोडा का अडला, न फिरवल्यामुळे, हे आपण लहानपणापासून ऐकतो, म्हणून लोक दुखणाऱ्या घोड्याला तासन्‌तास फिरवून दमवतात. लोळून इजा करून घेत असेल तर थोडं फिरवा, शांत उभा असेल तर उभा राहू द्या. चंदी उचला आणि लगेच फोन करा. जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोजलेली असू द्या: विश्रांतीत मिनिटाला 28 ते 44, आणि 60 च्या वर असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. मग चंदी कधी सोडली, शेवटची लीद कधी पडली आणि कशी होती, हिरडीचा रंग काय, आणि काल किती लिटर पाणी प्यायला.