डोमोडोसोला ते लोकार्नो : विजेत्सिना रेल्वेने प्रवास कसा करावा

इटलीच्या प्येमोंते प्रांतातील डोमोडोसोला आणि स्वित्झर्लंडमधील लोकार्नो यांना जोडणारी ही मीटरगेज रेल्वे इटलीत विजेत्सिना, तर सीमेपलीकडे चेन्तोवालीना म्हणून ओळखली जाते. दोन्ही देशांनी 1918 मध्ये करार केल्यानंतर 25 नोव्हेंबर 1923 रोजी ती सुरू झाली आणि सिम्प्लॉन व गॉटहार्ड या आल्प्समधील दोन मोठ्या मार्गांमध्ये आडवा दुवा तयार झाला. आजही इटालियन भाग एक कंपनी चालवते, स्विस भाग दुसरी. गाडी मात्र सहसा बदलावी लागत नाही.

मिलानहून डोमोडोसोलाला उतरल्यावर ही गाडी मुख्य फलाटांवर शोधू नये. तिचे स्थानक जमिनीखाली आहे, त्यामुळे गाडी बदलण्यास थोडा जास्त वेळ ठेवावा. पॅनोरामिक गाडीसाठी जादा आकार भरावा लागतो. वाटेत उतरायचे असल्यास तिकीट घेतानाच तशी मुभा आहे का, हे खिडकीवर विचारून घ्यावे. सीमा ओलांडायची असल्याने पासपोर्ट जवळ हवाच.

सुमारे 52 किलोमीटरच्या या प्रवासाला जवळपास दोन तास लागतात. वेळ का लागतो, हे डोमोडोसोला सोडताच कळते. काही ठिकाणी चढ हजार मीटरला 60 मीटर इतका तीव्र असूनही दातेरी रूळ नाहीत; केवळ चाकांच्या पकडीवर गाडी वळणे घेत वर जाते. खालचे खोरे कधी या खिडकीत, कधी त्या खिडकीत दिसते, तेव्हा जागेसाठी फार आटापिटा करू नये.

माझ्या मते थांबायचे असेल, तर 800 मीटरहून अधिक उंचीवरील सांता मारिया माज्जोरे येथे थांबावे. या दरीतील माणसे धुराडी साफ करण्याच्या कामासाठी दूरदेशी जात. त्यांचे संग्रहालय येथे आहे. पुढे रे येथील भव्य देवालय गाडीतूनही नजरेत भरते.

कामेदोपासून स्विस हद्द लागते. इंत्रान्या सोडल्यावर मात्र हातातले पुस्तक मिटावे, कारण लगेचच गाडी इसोर्नो नदीवरील सुमारे 75 मीटर उंच लोखंडी पुलावर येते. शरद ऋतूत जंगलाचे रंग पाहण्यासाठी गर्दी होते, त्यामुळे ऑक्टोबरमधील जागा आधीच राखून ठेवावी. लोकार्नोचे स्थानकही भूमिगत आहे. जिना चढून वर आल्यावर सरोवराचा काठ पायी गाठता येतो.