ड्रमलाइनमध्ये रोबोट वाजवताना या चुका टाळा

चालत्या ड्रमलाइनच्या, म्हणजे मैदानावर चालत ड्रम वाजवणाऱ्या पथकाच्या, साथीला यांत्रिक वादक आणला की पहिल्याच मैदानी सरावात बहुधा एक तक्रार येते: तो लयीत नाही. खोलीत टेबलावर अचूक वाजणारे यंत्र मैदानावर कधी घाईत, तर कधी मागे पडल्यासारखे वाटते. मग संगणकातील लय पुन्हा पुन्हा तपासली जाते, नवे सॉफ्टवेअर घातले जाते आणि दोष जिथल्या तिथे राहतो, कारण तो बहुतेक वेळा घड्याळात नसतोच.

मैदानावरचे अंतर विसरणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. हवेत २० अंश सेल्सिअस तापमानाला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दर मीटरला त्याला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. समजा, रोबोट पुढच्या रेषेवर, मरिंबा आणि व्हायब्राफोन या पट्ट्यांच्या वाद्यांच्या ‘पिट’मध्ये (न चालता एका जागी वाजवणाऱ्यांच्या जागेत) उभा आहे आणि स्नेअर (खाली तारा लावलेला, करकरीत आवाजाचा ड्रम) वाजवणाऱ्यांची रांग त्याच्या २५ मीटर मागे चालते आहे. दोघांचा ठोका एकाच क्षणी पडला, तरी समोर बसलेल्या प्रेक्षकांना मागचा ठोका सुमारे ७३ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १६० ठोक्यांच्या लयीत पाव मात्रा जेमतेम ९४ मिलिसेकंदांची असते. एवढ्या फरकाने दोन वाद्ये सुटी सुटी वाजत असल्याचे सामान्य श्रोत्यालाही कळते. म्हणूनच पिटमधील अनुभवी वादक ड्रम मेजरच्या (हातांनी लय दाखवणाऱ्या पथकप्रमुखाच्या) हातांवर विसंबून न राहता मागून येणाऱ्या आवाजाला धरून वाजवतात.

रोबोटला ही सवय आपण लावून द्यावी लागते. प्रत्येक रचनेत ड्रमलाइन त्याच्यापासून किती मीटर मागे आहे हे मोजून त्या आकड्याला २.९ ने गुणावे आणि तितके मिलिसेकंद त्याचा ठोका उशिरा सोडावा. ड्रमलाइन ४० मीटरवरून १० मीटरवर आली, तर हा विलंब ८७ मिलिसेकंदांनी कमी करावा लागतो. मात्र तो एका झटक्यात बदलला तर रोबोट अडखळल्यासारखा वाटतो, म्हणून चालीच्या मात्रांवर तो थोडा थोडा विभागून बदलावा. याच्या उलट चूकही सर्रास दिसते: रोबोटला चाकांवर ठेवून ड्रमलाइनच्या शेजारी नेले जाते, पण पिटसाठी घातलेला विलंब काढायचा राहून जातो.

स्थिर क्लिकवर (संगणकाच्या एकसारख्या टिकटिकीवर) रोबोट आणि चालत्या पायांवर माणसे, अशी विभागणीही टिकत नाही, कारण वेगवान चालीत माणसांची लय हमखास थोडी पुढे सरकते. मधल्या स्नेअरवर संपर्क-संवेदक (ठोक्याची कंपने टिपणारे उपकरण) बसवून रोबोटने त्या वादकाची लय घ्यावी, हा उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटतो. मात्र ठोका ऐकून मग ठोका मारणारे यंत्र कायम मागेच राहते. त्याने मागील काही मात्रांवरून पुढची मात्रा कधी येईल याचा अंदाज बांधायला हवा. एकाच ठोक्याची नोंद दोनदा होत असेल, तर पहिल्या नोंदीनंतरचे २० ते ३० मिलिसेकंद संवेदकाला दुर्लक्ष करायला सांगावे. रोल (सलग जलद ठोक्यांची मालिका) किती जलद आहे ते पाहून हा आकडा ठरवावा.

काठीचा स्वतःचा उशीर

सोलेनॉइडला (वीज मिळताच काठी ओढणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला) आज्ञा मिळाल्यापासून काठी कातड्यावर पोचेपर्यंत वेळ जातो आणि हलक्या ठोक्यात तो जोरकस ठोक्यापेक्षा जास्त असतो. त्यामुळे सरसकट एकच दुरुस्ती केली, तर मोठा आवाज बरोबर येतो आणि हळू भाग मागे पडतो. दोन चॅनेलच्या रेकॉर्डरवर एकीकडे आज्ञेचा स्पंद आणि दुसरीकडे ड्रमचा आवाज घ्यावा, म्हणजे प्रत्येक जोराचा उशीर मोजून त्याचा तक्ता करता येतो.

आवाज दबलेला, ‘थप्प’ असा येत असेल, तर कातड्याऐवजी स्पंदाच्या लांबीकडे पाहावे. काठी टेकण्याच्या आधीच प्रवाह तुटायला हवा, नाहीतर ती कातड्यावर दाबून राहते. मार्चिंग स्नेअरचे केव्हलार या मजबूत कृत्रिम धाग्याचे कातडे फार ताणलेले असते आणि काठी जोरात उसळवते; परतीची स्प्रिंग कमकुवत असेल तर नको असलेला दुसरा ठोका ऐकू येतो. १६० च्या लयीत मात्रेचे आठ भाग करणारा रोल एकाच काठीने काढण्याचा हट्ट सोडून द्यावा. दर ४७ मिलिसेकंदांना जाऊन परत येणे साध्या सोलेनॉइडला झेपत नाही. माणसासारख्या दोन काठ्या आलटून पालटून वापराव्यात.

शेवटच्या भागात जोर का जातो

सुरुवातीला खणखणीत वाजणारा रोबोट शेवटी मऊ पडतो, तेव्हा दोन कारणे एकत्र आलेली असतात. तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.६ व्होल्ट देते, पण भाराखाली ती १० व्होल्टपर्यंत उतरू शकते. सोलेनॉइडची ओढ साधारणपणे प्रवाहाच्या वर्गाबरोबर बदलत असल्याने ती मूळच्या ६३ टक्क्यांवर येते. शिवाय तांब्याची तार ५० अंशांनी तापली की तिचा रोध सुमारे २० टक्क्यांनी वाढतो आणि उरलेली ओढही आणखी घटते. बॅटरी आणि सोलेनॉइड यांच्यामध्ये स्थिर व्होल्टेज देणारा नियामक बसवावा, आणि तालमीतले मोजमाप यंत्र गरम झाल्यावरच घ्यावे. एकदम जोरकस ठोका आला की नियंत्रक बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर त्याचा वीजपुरवठा वेगळा करावा, फक्त ग्राउंड (विजेच्या परतीची तार) एक ठेवावा.

बिनतारी संदेशांवर सगळा भार

गर्दीच्या मैदानावर हजारो फोन असतात आणि वाय-फाय व ब्लूटूथ वापरतात त्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात संदेश हरवतात किंवा रेंगाळतात. प्रत्येक स्वर तिथूनच पाठवण्याऐवजी संपूर्ण रचना रोबोटच्या स्मृतीत आधीच भरून ठेवावी आणि बिनतारी मार्गाने फक्त प्रारंभ व लय पाठवावी. यात आणखी एक धोका आहे, जो चटकन लक्षात येत नाही: स्वर सुरू करणारा मिडी (संगणक व वाद्यांमधील आज्ञांची प्रमाणित भाषा) संदेश पोचला आणि थांबवणारा हरवला, तर सोलेनॉइड चालूच राहतो, काठी खाली दाबलेली राहते आणि काही वेळातच वेटोळे जळते. प्रवाह जास्तीत जास्त किती मिलिसेकंद चालू राहू शकेल याची मर्यादा रोबोटच्याच नियंत्रकात घालावी, कारण दूरच्या संगणकाकडून येणारी मर्यादाही वाटेत हरवू शकते. त्याशिवाय वीज तोडणारे मोठे बटण शेजारच्या वादकाला हातातली काठी न ठेवता दाबता येईल, अशा उंचीवर बसवावे.