वकिलाकडे पहिल्यांदा जाताना काय न्यायचं

घटस्फोट आणि मुलांच्या ताब्याची केस असेल तर पहिल्या मीटिंगला नुसतं मनातलं ओझं घेऊन जाऊ नका, एक कागद करून न्या. लग्न कधी झालं, वेगळे कधीपासून राहताय आणि मेन म्हणजे मुलाचं रोजचं कोण बघतं, शाळेत कोण सोडतं, ताप आला की डॉक्टरकडे कोण नेतं, प्रगतीपुस्तकावर सही कोणाची असते, असलं सगळं बारीकसारीक लिहा, कारण ताबा ठरवताना कोर्ट मुलाचं हित बघतं, नवराबायकोत जास्त वाईट कोण हे त्यामानाने मागे पडतं (आपल्याला मात्र तेच सांगायचं असतं!). पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट न्या, मेसेज डिलीट करू नका. फी टप्प्याटप्प्याने की एकदम, तारखेला स्वतः येणार की ज्युनियरला पाठवणार, हे तिथेच विचारा, लाजायचं काय त्यात. केस लांबू शकते, म्हणून मुलाच्या ताब्याची किंवा भेटीची तात्पुरती ऑर्डर मागता येईल का तेही विचारून घ्या. पैशाची अडचण असेल तर मोफत कायदेशीर मदत मिळते का बघा. आणि समोरच्या पार्टीने कितीही घाई केली तरी आपल्या वकिलाने वाचल्याशिवाय कुठल्याच कागदावर सही करायची नाही.