मृत्युपत्र एकदा केलं म्हणजे संपलं नाही

दर दोन-तीन वर्षांनी मृत्युपत्र आणि जमिनीचा ताजा उतारा शेजारी ठेवून वाचा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घोळ होतो तो बहुधा जमिनीच्या नंबरात. समजा, मृत्युपत्रात सर्वे नंबर १०४ लिहिलाय. पुढे वाटणी होऊन तुमच्या नावावर १०४/२ राहिला, तर वारसांना नोंद करताना अडचण येते. उतारा कन्नडमध्ये असतो, म्हणून नंबर, हिस्सा, एकर-गुंठे आणि नाव त्यावर आहे तसंच उतरवा. मृत्युपत्र मराठीत चालतं.

विकलेली जमीन मृत्युपत्रात राहिली, तर ती ज्याच्या नावे लिहिलीय त्याच्या हाती काहीच येत नाही. जन्म, लग्न, मृत्यू, घटस्फोट झाला तरी कागद काढून बघा. वडिलोपार्जित मिळकतीत फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, आणि हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचाही त्यात मुलाएवढाच हक्क आहे.

जुन्या कागदावर खाडाखोड मात्र करू नका. शेजारी तुमची आणि दोन साक्षीदारांची सही नसेल, तर ती दुरुस्ती धरत नाहीत. बदल किरकोळ असेल तर पुरवणी मृत्युपत्र करा. त्यालाही दोन साक्षीदार लागतातच. बदल जास्त असतील तर सरळ नवं करा आणि त्यात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द’ हे वाक्य व तारीख घाला.

साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण, गावातलेच आणि मिळकतीत वाटा नसलेले निवडा. पुढे वाद झाला, तर कोर्टात त्यांनाच उभं राहावं लागतं. नोंदणी सक्तीची नाही, स्टँप ड्युटीही नाही, तरी उपनिबंधक कार्यालयात नोंदवलेलं बरं.