कॅराव्हॅनचा कन्व्हर्टर मेला? आधी एनटीसी बघा
घोडबंदर रोडला उभ्या कॅराव्हॅनचा २३० व्होल्टवरून १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर अचानक बंद पडला, तर फ्यूजनंतर एनटीसी थर्मिस्टर तपासा. थंड असताना याचा रोध जास्त, तापल्यावर कमी; चालू करतानाचा करंटचा झटका तो अडवतो. इनपुटच्या लाइनवरची नखाएवढी चकती ती. प्लग काढा. मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट राहू शकतात. १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने उतरवा, मीटरवर खात्री करा. ५डी-१५ छापलेली चकती थंड असताना साधारण ५ ओहम दाखवते. तडा, काजळी दिसली किंवा मीटरवर ओपन (आतून तुटलेली) दाखवली की गेली.

नुसती बदलू नका! ब्रिज (एसीचा डीसी करणारे डायोड) वा मॉसफेट (स्विचिंगचा ट्रान्झिस्टर) शॉर्ट असेल तर नवीही फुटेल. आधी १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब इनपुटच्या लाइनला सिरीजमध्ये लावून चालू करा. तो लख्ख पेटलेलाच राहिला तर शॉर्ट शोधा.

लाइट जाऊन लगेच आली की तापलेल्या एनटीसीचा रोध कमीच असतो, झटका थेट आत जातो. प्लग काढून दोन मिनिटं थांबा.